सोमवारचं टेबल

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते देवघरातल्या निर्माल्यासारखे असतात. रोज थोडं थोडं साठतं, कचऱ्यात टाकवत नाही, आणि एक दिवस बघावं तर परडी भरलेली. माझ्या परडीत जे साठलं ते सगळं एका कॅसिनोचं आहे. माझ्यासारख्या उपासतापास करणाऱ्या बाईच्या घरात कॅसिनो कुठून शिरला, असं विचाराल तर सांगते, नवऱ्याच्या पाठोपाठ शिरला.

आमचं घर दोडामार्गात. नाका ओलांडला की गोवा. इकडची निम्मी माणसं कामाला तिकडे आणि संसाराला इकडे. आमचे हेही लग्नाच्या आधीपासून पलीकडच्या समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये वेटर होते. गावाचं नाव सांगत नाही, रिसॉर्टचं तर नाहीच, कारण ह्यांची नोकरी अजून तिथेच आहे.

तिथल्या भिंतीवर म्हणे कॅसिनोचा इतिहास फ्रेम करून लावलाय. फीत कापणारे मालक, कोणीतरी नटी, रोषणाई. माझ्याकडे तोच इतिहास आहे, पण तो माझ्या व्रतांवरून लागतो. मी संतोषीमातेचे शुक्रवार करत होते तेव्हा हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये जुगाराची पहिली मशीन आली. वैभवलक्ष्मी करत होते तेव्हा पत्त्यांची टेबलं आली आणि हे वेटरचे डीलर झाले. डीलर म्हणजे टेबलामागे उभं राहून लोकांना पत्ते वाटणारा. आणि सोळा सोमवार धरले ते शैलामॅडममुळे. पण त्यांना जरा थांबू दे. त्यांना थांबायची सवय नाही, म्हणूनच.

*

डीलरचं ट्रेनिंग हॉटेलात आणि सराव घरी. सरावाला हिरव्या कापडाचं टेबल पाहिजे. ह्यांनी माझा पूजेचा चौरंग उचलला आणि त्यावर माझ्या ओटीत आलेला हिरवा खण पसरला. सकाळी ज्या चौरंगावर कलश, दुपारी त्यावरच गुलाम आणि राणी.

मी कलश उचलून कोनाड्यात ठेवला. सासूबाई बोलल्या.

"शशी, देवाच्या चौरंगार जुगार खेळतंस?"

"आये, मी खेळत नाय, वाटतंय. डीलरान खेळूचा नसता."

"मगे जिंकता कोण?"

"हॉटेल."

"आणि हरता कोण?"

"गिऱ्हाईक."

"आणि तुका काय गावता?"

"पगार."

सासूबाईंनी थोडा विचार केला, पदर खोचला आणि चौरंगासमोर मांडी घातली. "पयलो डाव माका वाट. बघूया तुका जमता काय ता."

दिवेलागणीला मी चौरंग परत मागायला गेले तर म्हणाल्या, "थांब गो जरा. आता खंय माजी पानां बरी येवक लागलीत."

माझं लक्ष मात्र ह्यांच्या हातांकडे होतं. पत्ते त्या हातांतून असे सुटत होते की बघत राहावं. आमच्या लग्नात ह्याच हातांना मंगळसूत्राची गाठ मारता आली नव्हती, ह्यांच्या आतेने पुढे होऊन बांधून दिली होती. कुठेतरी पहिल्यांदा खुपलं ते तेव्हा.

*

टेबलं सुरू व्हायच्या दिवशी मोठा प्रसंग झाला. मॅनेजर मेहरासाहेब दिल्लीचे. त्यांच्या कानावर गेलं की ह्या पट्ट्यात नवीन काम राखणदाराला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू करत नाहीत. राखणदार म्हणजे शिवेवरचा न दिसणारा रखवालदार. गाऱ्हाणं म्हणजे त्याच्यापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

स्टाफची गाडी चालवणारे तात्या आमच्याच वाडीतले. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. साहेबांनी त्यांनाच उभं केलं. तात्यांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि गावात सुरू करतात तसं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, बारा येशींच्या राखणदारा म्हाराजा, आज ह्या सायबान हो जो नवो धंदो मांडल्यान हा, तेका तू बरकत दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"काम करतल्या लेकरांक सुखी ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि जा कोण आशेन हय येतला, ता रिकाम्या हातान घराक जाव नये, ह्या तू बघ म्हाराजा."

सगळा स्टाफ जीव तोडून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. साहेब खूश. ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, "शशी, आखिर में क्या बोला? सब लोग बहुत ज़ोर से बोले."

ह्यांनी भाषांतर केलं. कोणीही गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये.

साहेबांचा चेहरा उतरला. "ये लाइन कॅन्सल करो."

तात्यांनी मान हलवली. "सायब, नारळ फुटलो. एकदा घातलेला गाऱ्हाणा मागे घेवचा नसता."

मग केबिनमध्ये मीटिंग झाली. त्या दिवसापासून कॅसिनोतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दरवान काजूची एक पुडी ठेवतो. पर्यटकांना वाटतं काय हा पाहुणचार.

*

डीलरच्या पँटला खिसे नसतात. असले तर शिवून टाकतात. का, ते कळायला फार शिकावं लागत नाही. हॉटेलच्या शिंप्याने घातलेले टाके सैल होते, म्हणून मी घरी सगळ्या पँटींचे खिसे पुन्हा शिवले, बारीक टीप घालून. शेजारची रेश्मा ओट्यावर बसून बघत होती. तिचा नवरा त्याच रिसॉर्टच्या किचनमध्ये आहे.

"वयनी, गाणी कसली म्हणतंस? खिसे शिवताना कोण गाता काय?"

खिसा नाही म्हणजे चिठ्ठी नाही, रुमाल नाही, कोणाचं कार्ड नाही. कॅसिनोचा एवढा एकच नियम मला मनापासून आवडलेला आहे.

*

दुसरा नियम हातांचा. टेबल सोडताना डीलरने एक टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून वर दाखवायचे. वर कॅमेरा असतो. हातात काही लपवलेलं नाही, हे त्याला दिसलं पाहिजे. ही सवय ह्यांच्या अंगात इतकी भिनली की जेवून उठताना टाळी, अंथरुणाची घडी घालून उठताना टाळी.

नवरात्रात देवळात प्रसाद वाटायचं काम ह्यांच्याकडे आलं. हात चपळ, म्हणून दिलं असणार. रांग संपली तशी ह्यांनी परात खाली ठेवली, एक टाळी वाजवली आणि तळवे उलटेसुलटे करून वर, थेट कळसाच्या दिशेने दाखवले. मी बायकांच्या बाजूला मान खाली घालून उभी.

दुसऱ्या दिवशी रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याने प्रसाद तोंडात टाकला, टाळी वाजवली आणि तळवे वर केले. त्याच्यामागच्याने केलं. त्याच्यामागचीने केलं. दसऱ्यापर्यंत सगळी वाडी करायला लागली.

गेल्या वर्षी पुण्याहून एक कुटुंब दर्शनाला आलं होतं. त्यांनी भटजींना विचारलं, ही काय पद्धत? भटजी म्हणाले, "पूर्वापार चालत आलंय. आपल्याकडचं सगळं देवाचं आहे, आपण काही ठेवून घेतलं नाही, असा त्याचा अर्थ."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे कळसाकडे बघत होते.

*

टाळेबंदीत कॅसिनोला कुलूप लागलं. लोक रडत होते, त्यात मी आनंद दाखवणं बरं नव्हतं, म्हणून तुळशीला प्रदक्षिणा घालताना एकटीच हसून घेत होते. नवरा घरात. संध्याकाळी घरात. सणाला घरात.

आणि मग बघितलं तर दिवे लागायच्या वेळेला ह्यांचं काही खरं नसायचं. इस्त्रीचा शर्ट काढून घालायचे आणि अंगणात उभे राहायचे, फाटकाकडे तोंड करून. तात्यांची गाडी यायची वेळ ती. गाडी यायची नाही. मग आत येऊन शर्ट काढून ठेवायचे. माणूस माझ्याजवळ आणि हुरहूर त्या कॅसिनो नावाच्या सवतीची. कॅसिनो उघडा होता तेव्हा मला इतका राग आला नव्हता तिचा.

सासूबाईंना मुलाचं दुःख बघवेना. काजूचा हंगाम होता. त्यांनी सूपभर सुक्या काजूबिया आणल्या, चौरंग ओढला आणि रेश्माला कुंपणावरून हाक मारली. बी म्हणजे पैसा. हे डीलर. वाडीतल्या बायका अंतर ठेवून, तोंडाला पदर लावून खेळायला येऊ लागल्या.

मी म्हटलं, "आई, घरात जुगार नको."

"जुगार न्हय गो ह्यो. माज्या झिलाची नोकरी आसा ही."

हंगाम संपला तेव्हा वाडीतल्या निम्म्या बिया आमच्या खळ्यात. रेश्माच्या सासऱ्यांनी फाटकात येऊन विचारलं, "शशी, आमच्या बागेत यंदा काजी धरली ती गेली खंय, ता माका कळाक नाय. तू सांगतंस?"

सासूबाईंनी बिया परत केल्या. पण प्रत्येकीला बजावून, की हरलेली बी भाजून खायची, पेरायची नाही.

*

कॅसिनो पुन्हा उघडला तो नव्या इमारतीत, झुंबरांसकट. आणि त्या झुंबरांखाली शैलामॅडम आल्या.

बेळगावच्या. साड्यांचं मोठं दुकान. दुकान सोमवारी बंद, म्हणून दर सोमवारी गाडी करून यायच्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात पाटल्या, आणि बसायच्या फक्त ह्यांच्या टेबलाशी. दुसरा डीलर उभा केला की पर्स उचलायच्या. "शशीचा हात हलका आहे," म्हणायच्या. मेहरासाहेबांनी तेव्हापासून ह्यांची सोमवारची सुट्टी बंद केली ती बंदच. हात माझ्या नवऱ्याचा आणि तो हलका की जड हे ठरवणार बेळगाव.

त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला हे तिकडे. दिवाळीत तिथे सर्वांत जास्त गर्दी. लक्ष्मीसुद्धा त्या संध्याकाळी माझ्या रांगोळीवर पाय न ठेवता तिकडेच जात असणार, असं मला दरवर्षी वाटतं. मी फोन पाटावर टेकवून व्हिडिओवर ह्यांना बसवलं. हे कॉरिडॉरमध्ये, काळ्या जाकिटात, हात जोडून. सासूबाई निरांजन ओवाळत होत्या. आरती निम्म्यावर आली आणि फोनमधून बाईचा आवाज आला.

"शशी, अजून इथेच? चला, मी आले."

ह्यांनी हात जोडलेलेच ठेवून मान वळवली. "मॅडम, घरची आरती चालू आहे."

आता कोणीही बाई संकोचाने बाजूला झाली असती. मॅडमनी काय करावं? फोनसमोर आल्या, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि उरलेली आरती खणखणीत आवाजात म्हटली. एकही कडवं न चुकता. माझ्या आरतीत तिसऱ्या कडव्याला नेहमी गडबड होते.

सासूबाई नंतर म्हणाल्या, "बाय बरी दिसता."

मी म्हटलं, "आई, प्रसाद घ्या."

*

रेश्माच्या नवऱ्याकडून किचनच्या बातम्या यायच्या. एकदा ती ओट्यावर बसता बसता म्हणाली, "वयनी, शशीभावोजी बिनसाखरेचो चाय पितत?"

"नाही. दोन चमचे लागतात. लग्न झाल्यापासून."

"मगे मॅडम ऑर्डर देतत ती कोणाक? शशीच्या चहात साखर नको, त्याला आवडत नाही, अशी सांगतत."

मी त्या दिवशी संध्याकाळी चहा केला आणि साखरेचा डबा उघडलाच नाही. कप पुढे ठेवला आणि समोर बसले. ह्यांनी घोट घेतला. मी वाट बघितली. दुसरा घोट घेतला. कप रिकामा केला, खाली ठेवला आणि म्हणाले, "आज चाय मस्त झालो."

*

मॅडमना नियम माझ्यापेक्षा पाठ. डीलरला हातात काही द्यायचं नसतं, म्हणून त्यांनी त्यांच्या कुलदेवीचा अंगारा तात्यांच्या हाती पाठवला. तात्या गाडी उभी करून फाटकात आले.

"गो नलू, मॅडमनी शशीसाठी अंगारो दिल्यान."

अंगारा नाकारता येत नाही आणि नवऱ्याच्या कपाळाला परक्या बाईने पाठवलेली राख लावायला माझं बोट पुढे होईना. मी दोन हातांनी घेतला, डोळ्यांना लावला आणि तुळशीच्या मुळात घातला. तुळस त्या वर्षी अशी फोफावली की विचारू नका. येणारा प्रत्येक जण विचारायचा, काय घालता हो?

*

पुढच्या श्रावणात मी सोळा सोमवार धरले. संकल्प महादेवाच्या पिंडीसमोर मनातल्या मनात सोडला. देवा, मला बाकी काही नको. सोमवारी हे घरी असावेत.

कडक केले. मीठ नाही, दिवसा झोप नाही, कोणाविषयी वाईट बोलायचं नाही. हे शेवटचं सोमवारी फार जड जायचं, कारण रेश्मा नेमकी सोमवारीच बातम्या घेऊन यायची. आणि हळूहळू बातम्या बदलल्या.

"वयनी, मॅडमची पानां फिरली काय गो? वरसभर जिंकत होती. श्रावणापासून एक सोमवार धड जावक नाय तिचो."

"देवाची इच्छा," मी म्हटलं. हातातली वात जरा घट्ट वळली गेली.

मॅडम हरत होत्या, पण येत होत्या. हरणारं माणूस जास्त येतं, असं हे म्हणाले. म्हणजे माझ्या उपासांनी त्यांचं येणं थांबत नव्हतंच. सोमवार संपत आले आणि मार्गशीर्षात उद्यापन ठरलं. उद्यापनाला नवरा-बायकोने जोडीने पूजेला बसायचं असतं. हे बसले नाहीत तर इतक्या सोमवारांचं केलेलं सगळं अर्धं राहणार. ह्यांनी रजा मागितली. मेहरासाहेब म्हणाले, कुठल्याही दिवशी घे, सोमवार सोडून. उद्यापन पुढे ढकललं. पुढच्या सोमवारीही तेच. भटजींनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

हे घरी येऊन ओट्यावर बसले. "नोकरी सोडू काय?" म्हणाले. विचारल्यासारखं विचारलं, पण खरंच विचारत होते. सासूबाईंच्या औषधांची पिशवी समोर खुंटीला लटकत होती. मी म्हटलं, "नको. बघते मी."

मी देवापुढे बसले. रडले नाही, उपासाच्या माणसाने रडू नये. उठले, तांदळाला कुंकू लावून अक्षता केल्या, सुपारी ठेवली, पानात बांधलं आणि सोमवारी सकाळी तात्यांची गाडी अडवली.

"तात्या, ह्या शैलामॅडमांक द्या. सांगा, पुढच्या सोमवारी माझं उद्यापन आहे, सवाशीण म्हणून जेवायला या."

तात्या स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "सोमवारी?"

"सोमवारी."

व्रताच्या सवाशिणीचं बोलावणं कुंकू लावणारी बाई मोडत नाही. बेळगावची असली तरी.

दुपारीच ह्यांचा फोन आला. "नलू, तू काय केलंस? मॅडमनी सायबांक सांगल्यानी, पुढच्या सोमवारी मी येत नाही, शशीलाही सोडा, त्याच्याच घरी जेवायला चाललेय. सायब माका विचारतत, ये क्या चक्कर है."

त्या सोमवारी मॅडम आल्या. मी काय काय कल्पना करून ठेवली होती. आल्या त्या गुडघे धरून, पायऱ्या एकेक करून चढत, माझ्याहून चांगल्या मोठ्या वयाच्या. इरकल नेसलेल्या. सासूबाईंनी खुर्ची दिली. हे आणि मी जोडीने पाटावर बसलो, ह्यांच्या उजव्या हाताला मी. भटजी सांगतील तसं ह्यांनी पिंडीवर पाणी घातलं आणि मी ह्यांच्या हाताला हात लावला. मॅडम समोरून बघत होत्या. तो हात त्या दिवशी कोणाचा आहे, ह्याविषयी घरात कोणालाच शंका नव्हती. मी मान जरा जास्तच ताठ ठेवली असेन.

पूजा झाली, पानं वाढली. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, चुरमा. मॅडम चवीने जेवत होत्या.

"वैनी, सोमवार कधीपासून धरले होते?"

"श्रावणातल्या पहिल्यापासून."

"अस्सं. आणि संकल्प काय केलेला?"

सवाशिणीने विचारलं, समोर पिंडी. खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, "सोमवारी हे घरी असावेत."

मॅडमचा वडा खिरीच्या वाटीत थांबला. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पिंडीकडे, बराच वेळ.

"श्रावणातल्या पहिल्यापासून," त्या पुन्हा म्हणाल्या.

सासूबाई पातेलं घेऊन आल्या. "खीर वाढू?"

"वाढा," मॅडम म्हणाल्या. "गोड तरी खाते."

जाताना मी त्यांची ओटी भरली. त्या वाकायला लागल्या. मी एकदम मागे सरले. "अहो, तुम्ही मोठ्या आहात, मला कसला नमस्कार?"

"तुम्हाला नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या सोमवाराला."

*

पुढच्या सोमवारी मॅडमची गाडी आली नाही. त्यांनी साहेबांना कळवलं की इथून पुढे मंगळवारी येईन, दुकान मुलगा बघेल. सोमवारी ह्यांची गरज उरली नाही, तेव्हा साप्ताहिक सुट्टी सोमवारची झाली. हे घरी. सकाळी अंगणात नारळ सोलतात, दुपारी सासूबाईंना दोन डाव वाटतात, संध्याकाळी माझ्याबरोबर देवळात येतात. मी मागितलं ते अगदी तसंच मिळालं. देवाला नावं ठेवायला कुठेही जागा नाही.

मध्यंतरी रेश्मा ओट्यावर येऊन बसली. "वयनी, मॅडम परत जिंकाक लागल्यो. दर मंगळवारी. शशीभावोजींक म्हणाल्यो म्हणे, शशी, तुझ्या हातात लक्ष्मी आहे ती मंगळवारचीच."

मी अबोलीची वेणी गुंफत होते. गुंफत राहिले.

काल तात्या गाडी घेऊन निघाले आणि आमच्या फाटकापाशी थांबले. काच खाली केली.

"गो नलू, मॅडमनी एक विचारूक सांगल्यानी हा."

"काय?"

"तू मंगळवार करतंस काय?"

"नाही हो," मी म्हटलं. "मंगळवार मी कधीच केले नाहीत. सांगा त्यांना निर्धास्त."

तात्यांनी मान डोलावली आणि गाडी सोडली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी फाटकात उभी होते. मग आत आले. सासूबाई माजघरात तांदूळ निवडत होत्या.

"आई," मी म्हटलं, "अंगारकी कधी आसा हो?"